अर्ध्यावर सोडलेली ओळ

पट्टी काढली, तरी बाबांच्या छातीवर तिचा गोल ठसा अजून दिसतो. डॉक्टरांनी चिकटवलेली ती नाण्याएवढी पट्टी आठवडाभर त्यांचा श्वास ऐकत होती. कारण दम लागतो का, असं विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं. "छे! मला कशाला लागतोय?"

पट्टीने काही विचारलंच नाही. अनेकांच्या श्वासांवरून शिकलेल्या संगणकाने बाबांची धाप बरोबर ओळखली. आलेखाचं उंच टोक दाखवत डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी काय करता हो, काका?"

बाबा शर्टाची बटणं लावू लागले. मीच सांगितलं, "भजन."

भजन बंद होईल, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा मला पहिल्यांदा दिसली. डॉक्टर म्हणाले, "भजन सोडायचं नाही. आधी हा श्वासाचा पंप घ्यायचा आणि खुशाल गायचं."

आतापर्यंत भजनात बाबा ओळ अर्ध्यावर सोडायचे आणि मंडळी ती उचलायची. मला ती त्यांची लकब वाटे. मंडळींना मात्र खरं कारण कळलं असावं. कुणी बोललं नाही, पण ओळ कधी खाली पडू दिली नाही.

काल सवयीने मंडळींनी ओळ उचलली, तर बाबांचा आवाज अजून तिथेच! सुमनकाकूंनी टाळ थांबवले. "अहो, आम्हालाही थोडं ठेवा की!"

बाबा हसले. पुढची ओळ त्यांनी मुद्दाम अर्ध्यावर सोडली.