मशीन बंद, बाटली चालू

डिप्लोमा करून मी शिरपूरजवळच्या एका जिनिंगमध्ये लागलो, तेव्हा कापसाच्या गाठी दाबणाऱ्या हायड्रॉलिक प्रेससमोर स्वतःला फार शहाणा समजत होतो. ऐंशीच्या दशकाची ती अखेर. एकदा प्रेसचा पाइप गळायला लागला आणि धुळ्याहून एसटीने एक फिटर आला. कानावर बिडी, खांद्यावर तेलकट पिशवी. त्याचं नाव मी विचारलंच नाही.

त्याच्यासमोर मी मोठ्या तोऱ्यात मोटार बंद केली आणि पाइपच्या नटाला पाना लावला. त्याने माझ्या मनगटावर फाडकन चापट मारली.

"ओ साहेब, मशीन बंद शे, बाटली नही!"

बाटली म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. त्या पोलादी नळकांड्यात गॅस भरलेला रबरी फुगा असतो. पंपाचं तेल त्याला दाबतं, आणि पंप थांबला तरी फुगा तेलाला ढकलतच राहतो. नट सुटला असता तर ते तेल गोळीसारखं माझ्या हातात घुसलं असतं.

"शेठ घर गया, तरी त्याना राग मॅनेजरना पोटमा ऱ्हास," म्हणजे राग पोटात राहतोच, असं त्याने मला समजावलं. मॅनेजर आमच्या मागेच उभे होते. त्यांना पाहूनही त्याने शब्द मागे घेतला नाही.

मग त्याने बाटलीचा कॉक जरासा उघडून तेल टाकीत परत सोडलं, दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत निवांत चहा प्यायला आणि नट स्वतः सोडला. तेलाचा एकच थेंब पडला.

"आते बोटं मोज," तो मला म्हणाला.

मी खरोखर मोजली. खात्री करायला दोनदा मोजली.