बटणचा फ्रॉक कसा बसला

शेजारचं पोर दिवसेंदिवस वाळत चाललंय, आई परदेशी आहे आणि सांभाळते मावशी, असं कळलं तर तुमचं बोट आधी कुणाकडे जाईल? खरं सांगा. मावशीकडेच ना? आख्ख्या गल्लीचं तिकडेच गेलं होतं.

मावशी शिलाईवाली. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "माझ्या मापाचा शिवूनच आला नाही." धाकटी बहीण परक्या देशात लोकांची मुलं सांभाळायला गेली आणि स्वतःची मुलगी हिच्या पदरात टाकून गेली. मावशीने तिला बटण म्हणायला सुरुवात केली. एवढीशी, गोल, आणि हरवली तर सगळं घर उघडं पडेल अशी.

धाकटी तिकडून फ्रॉक पाठवायची, पण निघताना पोर जेवढी होती तेवढ्याच मापाचे. तिच्या डोळ्यांपुढे लेक वाढतच नव्हती. यंदाचा फ्रॉक बटणच्या खांद्यातच अडकला. पोरीचा चेहरा पडला. त्या संध्याकाळी ती न जेवताच झोपली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मावशीने फ्रॉकच्या शिवणी उसवल्या, काखेत आणि बाजूला त्याच रंगाच्या पट्ट्या जोडल्या. काम असं सफाईदार की कुणाच्या बापाला कळू नये. दुपारी फ्रॉक झकास बसला.

"मावशी, काल तर अडकत होता!"

"काल घाई करत होतीस, बये."

फोनवर फ्रॉक घातलेली लेक बघून धाकटी हरखली. "बघ ताई, माझं माप चुकलं का? माझं बाळ अजून तेवढंच आहे!"

मावशीने पट्ट्यांचा विषय काढलाच नाही. दूरच्या जिवाला तेवढाच आनंद, आपल्या बापाचं काय जातं?

पण त्यानंतर घरात कुठेतरी पाणी मुरायला लागलं. कातरणांच्या पोत्याला मुंग्या लागल्या. मावशीला आधी उंदरांचा संशय आला, मग समोरची इस्त्रीवालीच काही खोडी करतेय असं वाटलं. ती बाई हल्ली उगाचच येऊन बसायची आणि तिची नजर सारखी मागच्या खोलीत. बटणचं ताट लख्ख असायचं, शाळेचा डबा रिकामा यायचा, तरी पोरीची कोपरं टोकदार दिसायला लागली. तिकडे धाकटीचा सूरही बदलला.

"ताई, फोन जरा चुलीकडे फिरव. तिचं ताट दाखव. काय जेवलीस गं? तू थांब ताई, तिला बोलू दे."

मावशीचं डोकं सणकलं. "झडती घेतेस माझी?"

"इस्त्रीवाली म्हणते, पोरीच्या बरगड्या दिसतात."

"अस्सं! म्हणजे पहारा बसवलायस माझ्यावर!"

"मी तिला वसतिगृहात टाकणार आहे, पुढच्याच महिन्यात. तिथे निदान पोटभर मिळेल." फोन कट झाला.

मावशीने रागाच्या भरात कातरणांचं पोतं उलटं केलं. चिंध्यांतून भाताचे वाळलेले गोळे आणि पावाचे कडक तुकडे घरंगळले.

"हे काय गं? माझ्या हातचं विष लागतं तुला? कुणी शिकवलं? त्या इस्त्रीवालीने?"

बटण भिंतीला चिकटली. "कुणी नाही. त्या दिवशी मी जेवले नाही, म्हणून फ्रॉक बसला. मी मोठी झाले तर आई मला ओळखणार कशी? तिकडची मुलं तिला रोज दिसतात."

मावशीने खुंटीवरचा फ्रॉक काढला. धाकटीपुढे तिने जन्मात कधी मान तुकवली नव्हती. पण फोन तिनेच लावला आणि फ्रॉक उलटा करून पुढे धरला. "हे तुझं कापड, हे माझं. मी वाढवलाय हा. पोरीला वाटलं, उपाशी राहिली म्हणून बसला."

"आता ही नवी गोष्ट रचलीस होय?"

मावशीने ब्लेड घेतलं, पट्ट्या काढल्या, जुन्या खुणांवर भराभर शिवण मारली. "बटण, घाल."

फ्रॉक खांद्यातच अडकला. पोर रडायला लागली.

"रडू नकोस गं. तुझ्या उपाशी पोटाने काही झालं नव्हतं. माझ्या सुईने झालं होतं."

पलीकडे कुणाचं तरी मूल किंचाळत होतं. धाकटी जागची हलली नाही. म्हणाली, "ताई, टेप घे. सगळं माप सांग मला." मावशी सांगत गेली आणि धाकटी प्रत्येक मापाला "एवढी?" म्हणत राहिली.

वसतिगृहाचं मात्र ती काहीच बोलली नाही. टाकणार म्हणाली नाही, नाही टाकणार असंही नाही. बटण अजून अर्ध्या ताटावरून उठते. मावशी अजून फोन वाजला की दचकते, आणि इस्त्रीवाली अजून वाकून बघते.

तुमच्या गल्लीत असं पोर असेल, तर त्याच्या बरगड्यांची बातमी चोरून परदेशी पोचवू नका. सरळ त्या घरात जा, जमिनीवर बसा आणि आधी त्या पोरालाच विचारा, "बाळा, तू का जेवत नाहीस?"