बाई बोलून दाखवतात

विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांना साथ देणाऱ्या शिक्षकांचा आणि कर्मचाऱ्यांचा सत्कार होता, म्हणून गेले होते. गणिताच्या बाईंच्या खांद्यावर शाल पडली, तशा त्या माइकवरून म्हणाल्या, "शाल मोरपंखी आहे, नारळाला शेंडी आहे." सभागृह हसलं. माझ्या शेजारी बसलेली त्यांची अंध विद्यार्थिनी म्हणाली, "वर्गातही अश्शाच! फळ्यावर लिहितील ते सगळं बोलून दाखवतात."

मला माझा वर्ग आठवला. तरुणपणी मी कॉलेजात भूगोल शिकवायचे. एका अंध मुलाला मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलं आणि नकाशावर छडी टेकवून "ही नदी इथून निघते, इथे मिळते" असं वर्षभर सांगत राहिले. वर स्टाफरूममध्ये स्वतःच्या मोठ्या मनाचं कौतुक! असे दिवे लावले मी. पुढच्या वर्षी त्यानं भूगोल सोडला. त्याच्यापर्यंत माझी एक तरी नदी पोचली असेल का?

"आजी," मुलीनं कोपरानं ढोसलं, "बाई रडतायत का हो? ते काही त्या सांगायच्या नाहीत."

मी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"रडतायत गं. आणि नव्या कोऱ्या शालीलाच नाक पुसतायत."