हुकाविना हार

माझ्या हातचा पीळ सुटत नाही, हे धुळ्यात दीडशे पाहुण्यांसमोर सिद्ध झालं.

जळगावात पिंप्राळ्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळक्या मोटारी भरून भरून ते मी स्वतः उभं केलं. (बापाने फक्त पक्कड दिली. तीही उसनी!) माझी मुलगी मयूरी तारेत खडे ओवून मोठमोठे हार करते. सोन्याच्या गावात तारेचे हार! पण तिच्या मावसबहिणीने, धुळ्याच्या पल्लवीने, साखरपुड्यासाठी पहिली ऑर्डर दिली. पाहुण्यांना हार आवडला तर पुढची कामं मिळणार, म्हणून पोरीने आठ दिवस कागदावर चित्रं काढली. मध्ये मोठा जांभळा खडा, दोन्हीकडे उतरत्या मापाचे हिरवे अकीक, अधूनमधून स्फटिक.

खडे आणायला मी गेलो. घासाघीस मलाच जमते. तासाभराने दुकानदाराने हात जोडले.

"भाऊ, आता अंगातला शर्टही न्या. पण हूक वेगळा पडेल."

"एवढा माल घेतला, हूक फुकट दे!"

"नाही जमत."

"मग ठेव तुझा हूक!"

तो हसला. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

"पप्पा, हुकाशिवाय हार घालायचा कसा?" घरी मयूरी म्हणाली. "मीच आणते."

"खबरदार त्या दुकानाची पायरी चढलीस तर! मी कशाला आहे?"

तिने बिचारीने माझ्याच दुकानातल्या तांब्याच्या तारेवर हार ओवला. अखंड तार, मध्ये कुठे जोड नाही. साखरपुड्याला मी तो पल्लवीच्या गळ्यात धरला, मागे टोकांना मोटारीच्या जोडासारखा पीळ दिला, पकडीने दाबला आणि उरलेली टोकं कापून टाकली. काय काम झालं होतं! बायका मान वळवून बघत होत्या. मयूरीचा चेहरा फुलला.

मग पल्लवीची होणारी सासू सोन्याचा हार घेऊन उठली.

"आधी हा काढा बाई."

पल्लवीने ओढला. तिच्या आईने, म्हणजे माझ्या मेहुणीने, ओढला. करवलीने दातांनी प्रयत्न केला. डोक्यावरून काढावा, तर नाकापाशी अडकला!

"दाजी," मेहुणी माझ्या कानात ओरडली, "बठ्ठा देखी ऱ्हायनात!" सगळे खरंच बघत होते.

"पीळ सुटत नाही, कापावा लागेल," मी म्हणालो. (आवाजात थोडा अभिमान होता, कबूल करतो.)

"पप्पा, थांबा! आधी खाली रुमाल..."

कट्!

अकीक टपाटप स्टेजवर. स्फटिक सासूबाईंच्या निऱ्यांत. जांभळा खडा घरंगळत थेट गुरुजींच्या पाटाखाली! साखरपुडा थांबला आणि दोन्हीकडची मंडळी रांगत खडे वेचू लागली.

कोपऱ्यात बसून मयूरीने खडे पुन्हा ओवले आणि स्वतःच्या ब्लाउजचा एक हूक काढून टोकाला बसवला. जेवणं उरकायच्या आत हार तयार! सासूबाईंनी तो तीनदा घातला, तीनदा काढला.

"मला असाच एक कर, पोरी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "पण सगळा तुझ्याच हातचा."

चौथ्या दिवशी मी त्या दुकानाच्या पायरीवर होतो. दुकानदाराने न विचारता हुकांचा डबा पुढे ठेवला आणि भाव सांगितला. चक्क दुप्पट!

आयुष्यात पहिल्यांदा मी दुकानदाराने सांगितलेल्या भावात माल घेतला. दोन डझन.