मोबाइलचा रकाना

केळकर बाईंना यादीतून मी काढलं.

ग्रुपमध्ये सगळे अजून "टेक्निकल प्रॉब्लेम" म्हणतात. प्रॉब्लेम बिब्लेम काही नव्हता. मी होते.

आज बाईंना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय. वाचून कोणाला अनफ्रेंड करावंसं वाटलं तर खुशाल करा.

माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सदाशिव पेठेत आमचा एक ग्रुप आहे. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना रोज सकाळी आठ वाजता फोन करायचा. उचलला तर ठीक. नाही उचलला तर कोणीतरी जाऊन बेल वाजवायची. बास, एवढंच काम.

बाई चार वर्षं माझ्या वाट्याला होत्या. गणिताच्या रिटायर्ड शिक्षिका, वय एक्क्याऐंशी. मोबाइल नाही, फक्त लँडलाइन. आमच्या यादीत अशा त्या एकट्याच.

"बाई, घ्या ना एखादा साधा मोबाइल."

"कशाला? मी घरातच असते, फोनही घरातच असतो. आमची चुकामूक होत नाही."

रोज आठला पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं.

"आहे अजून. ठेव."

मूड असला तर वर एखादं वाक्य. "आवाज बसलाय तुझा. गरम पाणी पी. ठेव."

मी हडपसरला एका कंपनीत डेटाचं काम करते. म्हणून ग्रुपची यादी नीट करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

तोपर्यंत सगळं वह्यांमध्ये होतं. तीन-चार जणांनी आपापल्या वह्या टाइप करून पाठवल्या, मी त्या एका शीटमध्ये इम्पोर्ट केल्या. बघते तर मध्ये मध्ये ढीगभर ब्लँक रो. ग्रुपमधले जोशीकाका वहीत प्रत्येक बिल्डिंगनंतर दोन ओळी सोडायचे, पुढेमागे कोणी वाढलं तर लिहायला. टाइप करणाऱ्यानं त्याही इमानदारीत सोडल्या होत्या.

नावं सगळ्यांत आपोआप वाटून द्यायची होती. त्या रिकाम्या ओळींमुळे वाटप गंडत होतं.

त्या काढायची सोपी पद्धत आहे. एक कॉलम धरायचा, त्यातले रिकामे सेल सिलेक्ट करायचे, त्यांच्या अख्ख्या रो डिलीट. दहा सेकंदांचं काम. फक्त कॉलम असा धरायचा, जो प्रत्येकाचा भरलेला असणारच.

ऑफिसात ज्युनिअर लोकांना हे मीच शिकवते. "नावाचा कॉलम धरा रे. भलता धरलात तर चांगला डेटा उडेल."

मी मोबाइलचा धरला.

समोर होता म्हणून. मोबाइल काय, सगळ्यांकडे असतोच, असं डोक्यात.

चार वर्षं रोज एका लँडलाइनवर फोन करणाऱ्या माझ्या डोक्यात.

शुक्रवारी सकाळी नवीन यादी सुरू झाली. माझ्या वाट्याला नवी नावं आली, त्यात बाई नव्हत्या. वाटलं, दुसऱ्या कोणाकडे गेल्या असतील. ऑफिसात त्या दिवशी डेमो होता, मी गडबडीत होते. कोणाला विचारलं नाही.

बाकीच्यांना वाटलं, बाई म्हणजे माझ्याकडेच.

शनिवारी पेपर टाकणाऱ्या शिंद्यांना कडीत कालचा पेपर तसाच दिसला. त्यांनी दार वाजवलं. आतून बारीक आवाज आला.

बाई हॉलमध्ये फोनच्या स्टुलाजवळ पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. चोवीस तास तिथेच.

हॉस्पिटलमध्ये जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. शीट, कॉलम, रिकामा सेल. वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. मीटिंगमध्ये बग समजावतात तसं सांगत होते.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे माझा एक रकाना रिकामा होता."

"हो."

"ओळ रिकामी नव्हती."

"नाही, बाई."

"नाव होतं, पत्ता होता, वय होतं. सातवीतल्या मुलाचे मार्क कापले असते मी."

"सॉरी, बाई."

"सॉरी राहू दे. उत्तर आलं की ताळा करावा माणसानं. केलास?"

नव्हता केला.

मग मी विचारलं, "पण पडलात कशा?"

कशाला विचारलं कोण जाणे.

"सव्वाआठ झाले तरी तुझा फोन नाही. चार वर्षांत असं झालं नव्हतं. म्हटलं, ही रोज स्कूटर दामटत हडपसरला जाते, कुठं धडपडली की काय. तुला फोन लावायला उठले. घाईत काठी राहिली."

मी ठीक आहे का, हे बघायला उठल्या होत्या.

नवव्या दिवशी बाई गेल्या. न्यूमोनिया झाला.

नागपूरहून भाचा आला होता. मला हात जोडून म्हणाला, "तुम्ही रोज फोन करायचात. मावशी कौतुकानं सांगायची."

मी "हो" म्हटलं. त्याला चहा दिला. बाकी काही बोलले नाही. वर्षभर कोणाकडेच बोलले नाही.

ऑफिसला जाते, जेवते, सकाळचे फोन करते. लोक म्हणतात, सावरलीस. सावरायला आधी कोसळावं लागतं ना, तेही झालेलं नाही.

आता शीटमध्ये नव्यानं आलेल्या कोणाकडे मोबाइल नसला, तर त्या रकान्यात मी "नाही" असं लिहिते. दर बदलानंतर वहीतलं एकेक नाव शीटशी ताडून बघते. बाईंची ओळ जागेवर परत आणून ठेवलीय.

जोशीकाका परवा म्हणाले, "अगं, आता तरी काढ ती."

नाही काढली. काढणार नाही.

आज आठला त्यांच्या लँडलाइनला फोन लावला. नंबर बंद असल्याची रेकॉर्ड वाजली. संपेपर्यंत ऐकली.

बाई, मी धडपडले नव्हते. त्या दिवशी बरी होते मी.

एवढंच तुम्हाला आठ वाजता कळवायचं होतं.

नमस्कार करते, बाई.

ठेवते.