किल्लीवाल्यांची तोंडी परीक्षा

आमच्या शेजारचे भाऊजी कुलपं दुरुस्त करतात. तीस वर्षं झाली, अख्खी गल्ली त्यांना किल्लीवाले म्हणते. कुणाचं कपाट कुणापासून बंद असतं, कुठल्या नवऱ्याची किल्ली नेमकी पाहुणे यायच्या दिवशी हरवते, सगळं त्यांना ठाऊक. पण तोंडातून एक अक्षर काढतील तर शपथ! मी चहावर चहा पाजून पाहिला. चहा पितात, साखर बेताची पडल्याचं कौतुक करतात आणि उठून जातात. असल्या माणसाशेजारी दिवस काढणं माझ्यासारखीला सोपं नाही.

तर हे भाऊजी बावन्नाव्या वर्षी शालान्त परीक्षेला बसले. तंत्रशाळेत कुलूपकाम शिकवायची जागा निघाली होती. शाळेला भाऊजीच हवे होते, अट एकच, ही परीक्षा पास पाहिजे. भाऊजी गणितात सुटले, विज्ञानात सुटले, आणि साहित्याच्या तोंडी परीक्षेत दोनदा आपटले. तिसरी संधी शेवटची. ती हुकली की जागाही गेली.

तोंडीला होतं एक जुनं शोकांत नाटक. त्यातल्या एका प्रवेशाचं विश्लेषण करायचं. नायिकेला बापाने बुरुजातल्या खोलीत कोंडलंय. नायक पहारेकऱ्याला फितवून किल्ली मिळवतो, धापा टाकत जिना चढतो. किल्ली डावीकडे फिरवतो, ती अडते. उजवीकडे फिरवतो, खट्कन फिरते. दार काही हलत नाही. “तू आतून कडी घातलीस!” म्हणून हा पठ्ठ्या दोन पानं रडतो आणि नदीत उडी घेतो. मागोमाग ती खिडकीतून. पडदा.

भाऊजींची लेक प्राथमिक शाळेत शिकवते. तिने बापाला गाइड पाठ करायला बसवलं. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ, त्यामुळे साहित्यात मीही तयार झाले.

“बाबा, किल्ली म्हणजे काय?”

“पितळेची असणार. त्या काळी...”

“बाबा!”

“नियतीचं प्रतीक.”

“डावीकडे अडते म्हणजे?”

“हृदय नाही म्हणतं.”

“आणि उजवीकडे?”

“बुद्धी हो म्हणते. पण बाळा, बुद्धी हो म्हणाली तर दार का उघडत नाही?”

“गाइडमध्ये आहे तेवढंच बोलायचं! मागे दोन्ही वेळा असंच काहीबाही विचारत बसलात.”

मला राहवलं नाही. भिंतीपलीकडे ओरडले, “भाऊजी, त्या नायकाने रडत बसण्यापेक्षा तुम्हाला बोलवायचं की हो!”

पलीकडून भाऊजींचा दबका आवाज आला, “मीही तेच म्हणतोय, वहिनी.”

परीक्षेच्या दिवशी धीर द्यायला म्हणून लेकीबरोबर मीही गेले. खरं तर गंमत बघायला. भाऊजी आत गेले, दार लागलं, आणि मी बाकावरून उठून सरळ दाराला कान लावला.

“काकू, शोभतं का?” लेक कुजबुजली.

“तुला ऐकायचंय की नाही?”

ती गपचूप माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

आत भाऊजींनी सुरुवात झकास केली. “किल्ली हे नियतीचं प्रतीक आहे...” आणि थांबले. लेकीने माझा दंड घट्ट धरला. मग ऐकू आलं, “बाई, खरं सांगू? ते कुलूप त्याने स्वतःच लावलं.”

“मेले,” लेक म्हणाली.

“दार उघडंच होतं. आधीच्या प्रवेशात दासी म्हणते, ‘मी सगळं करून ठेवलंय.’ किल्ल्यांचा दुसरा जुडगा तिच्या कमरेला आहे. आधीच उघडलेल्या कुलपात किल्ली उघडायच्या बाजूला फिरत नाही, अडते. हा घाईघाईत उलटी फिरवतो. खट्! बसलं कुलूप.”

“असं कोण करतं हो?” परीक्षक बाईंचा आवाज वीस वर्षं पेपर तपासून करकरीत झालेला.

“आठवड्याला दोघं तरी करतात. मग मला बोलावतात, कुलूप बिघडलंय म्हणून. हातात किल्ली असली की माणूस दार ढकलून बघत नाही.”

“मी बघेन.”

“मग टेबलावरची ही या खोलीची किल्ली घेऊन जरा बाहेर जाता का? मी ‘या’ म्हटलं की आत या.”

आम्ही दोघी बाकाकडे पळालो. बाई किल्ली घेऊन बाहेर आल्या, दार ओढून उभ्या राहिल्या. आत किल्लीवाला, म्हणजे त्याने आपल्या हत्यारांनी कुलूप लावलंच असणार, असं त्या धरूनच चालल्या असाव्यात. “या!” हाक आली. बाईंनी किल्ली घातली. एकीकडे अडली. दुसरीकडे फिरवली. खट्. दार ढकललं. हलेना.

“अहो, कडी काढा!”

“कडी घातलीच नाही, बाई,” आतून उत्तर आलं. “आणि कुलूपही आत्ता तुम्हीच लावलंत.”

लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी हसू दाबताना बाकावरून घसरायची बाकी होते.

बाई हसल्या नाहीत. किल्लीकडे बघत राहिल्या. मग बंद दारालाच त्यांनी विचारलं, “दार उघडं होतं, तर ती आतून त्याला हाक का मारत नाही?”

“तिला काय ऐकू आलं ते बघा ना. तिने दासीकडून त्याच्यासाठी दार उघडं करून घेतलं. त्याची पावलं ओळखली. आणि मग बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज. आत्ता मीही तो ऐकला. आपल्याच माणसाने कोंडलं म्हटल्यावर ती हाक कुणाला मारणार?”

माझंसुद्धा हसू कुठल्या कुठे गेलं, आणि हे मी सहसा कबूल करत नाही. बाईंनी किल्ली फिरवून दार उघडलं आणि आत गेल्या. दार लावायचं विसरल्या. त्यामुळे पुढचं मी बाकावर बसून, सभ्यपणे ऐकलं.

“वीसपैकी सतरा,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “पास झालात.”

“आणि तीन?” तंत्रशाळेची जागा खिशात पडल्यावर भाऊजींना कंठ फुटला होता.

“परीक्षकाला बाहेर कोंडल्याबद्दल कापले.”

“पण बाई, कोंडला मी गेलो होतो.”

बाईंनी पेन थांबवलं, सतरा खोडले आणि अठरा केले.