दारावरच्या इंदूअक्का

इंदूअक्का मुलांना वय कधीच विचारत नसत. चाळीसगावच्या एका जुन्या सिनेमाघराच्या दारावर त्या तिकिटं फाडायच्या. कुणासोबत लहान मूल दिसलं की आईबापांकडे न बघता गुडघ्यांवर हात टेकून वाकायच्या आणि थेट मुलालाच विचारायच्या, "कितवीमा शे रे तू?" पोरगं छाती पुढे काढून सांगायचं, "पाचवीत." बापाने घरून 'वय वाढवून सांग' म्हणून पढवून आणलेलं असायचं, ते तिथेच वाया जायचं. अक्का म्हणायच्या, "लेकरू वय खोटं सांगस, वर्ग खोटा सांगत नही."

साडीवर खाकी शर्ट, पांढऱ्या केसांची घट्ट गाठ आणि कायम आठ्या पडलेलं कपाळ. गोड बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. शुक्रवारचा पहिला खेळ त्या शेवटच्या रांगेमागे उभ्या राहून पुरता बघत. पोस्टरवरचं प्रमाणपत्र त्या मानत, पण आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. मग आठवडाभर दारावर त्यांचा निकाल चाले. "भूत शे, पन हासाडणारं शे, जाऊ द्या." "इंटरवलनंतर पोरीले बाहेर आन, आग लागस तिथे घाबरी जाई." एकदा कुणीतरी त्यांना चिडवलं, "अक्का, मारामारीला एवढं काय घाबरता?" तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "रगतनी माले भीती नही. रगत दखीसन लोके हासतस, त्यानी भीती वाटस."

मी शाळेत मराठी शिकवते. ही वाक्यं तेव्हा मला अडाणी वाटत. आज ती आठवली की राग येतो, आणि तो अक्कांवर नसतो.

चार वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी, माझा नवरा सतीश आणि आमची मुक्ता तीनच्या खेळाला गेलो. सिनेमा गाजत होता. पोस्टरवर 'फक्त प्रौढांसाठी' असं स्पष्ट होतं, ते आम्ही दोघांनीही वाचलं होतं. सतीश म्हणाला होता, "मोबाइलवर पोरं याहून वाईट बघतात." मी मान हलवली होती, कारण आठवडाभर शिक्षकखोलीत त्याच सिनेमाची चर्चा चालली होती आणि मलाही तो बघायचा होता.

अक्का वाकल्या. "कितवीमा शे वं तू?"

"तिसरीत," मुक्ता म्हणाली.

अक्का ताठ झाल्या आणि तिकिटं न फाडता त्यांनी माझ्या हातात परत दिली. "हाऊ शिनेमा हिन्हाकरता नही."

"तिचे आईबाप आहोत आम्ही," सतीश म्हणाला. "तिच्यासाठी काय चांगलं ते आम्ही ठरवू."

"ठरावा ना. पन मी दखेल शे, तुम्ही दखेल नही."

मागे रांग खोळंबली. लोक बघायला लागले. माझा एक विद्यार्थी त्याच रांगेत होता, आणि एका तिकीट फाडणाऱ्या बाईने मला त्याच्यासमोर मुलगी वाढवायला शिकवावं, हे मला सहन झालं नाही. मी आवाज चढवला. मॅनेजर धावत आला, हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही आत जा. फक्त तक्रारवहीत चार ओळी लिहून द्या. या बाईंविरुद्धच्या तक्रारी रोजच्याच झाल्यात."

मी उभ्या उभ्या लिहिलं. 'सदर महिला उद्धट असून प्रेक्षकांना विनाकारण अडवते.' खाली सही केली. अक्का माझ्या लिहिणाऱ्या हाताकडे बघत होत्या. मग त्या दारातून बाजूला झाल्या.

मध्यंतरानंतर पडद्यावर एका बाईला केसांना धरून अंगणातून ओढत नेलं. प्रसंग लांबत गेला. आणि आमच्या मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सतीशच्या पलीकडचा माणूस खदखदून हसला. मी मुक्ताच्या डोळ्यांवर हात ठेवला. तिने तो बाजूला केला. ती पडद्याकडे बघतच नव्हती, मान वळवून मागच्या माणसांची तोंडं बघत होती. मी तेव्हाच उठायला हवं होतं. मी उठले नाही.

घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, ती काकू रडत होती, तर सगळे शिट्ट्या का वाजवत होते?"

सतीश म्हणाला, "अगं, सिनेमा असतो तो."

"पण माणसं तर खरी होती ना?"

नंतर कितीतरी महिने पानटपरीवरून जाताना ती माझी ओढणी मुठीत धरायची. तिथे चार पुरुष हसत असले की रस्ता ओलांडून पलीकडे जायची. आठ वर्षांच्या पोरीला पुरुषांच्या हसण्याची भीती मी तिकीट काढून शिकवली.

पंधरा दिवसांनी मी अक्कांना भेटायला सिनेमाघरात गेले. दारावर कुणी दुसराच होता, मान वर न करता तिकिटं फाडत होता. मॅनेजर खुशीत म्हणाला, "काढलं त्यांना. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईंनी लिहून दिलं म्हणून जमलं."

इंदूअक्कांचं घर रेल्वेरुळांपलीकडे होतं. मी गेले तेव्हा त्या अंगणात खाटेवर पापडासारख्या ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होत्या. मी माफी मागितली.

"तुन्ही माफी लिसन मी काय करू?" त्या म्हणाल्या. बस म्हणाल्या नाहीत. "उद्धट लिखं, ते खरं शे. विनाकारण लिखं, ते खोटं शे. जितलं गोड अक्षरमा खोटं लिखं, तितलंच गोड अक्षरमा खरं लिख."

मी मॅनेजरच्या नावे खरं काय ते सांगणारा अर्ज लिहिला; त्याचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. मॅनेजरने तो न वाचता टेबलाच्या खणात टाकला. मग मी त्याची प्रत सरकारी कार्यालयात दिली. सिनेमाघराला नोटीस आली, दारावर मोठी पाटी लागली आणि दोन महिन्यांत पोरं पुन्हा आत जायला लागली. सतीश महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. गावात आपलं हसं केलं, असं त्याचं म्हणणं. अक्कांना कुणी परत बोलावलं नाही. त्या पिंपळनेरला लेकीकडे गेल्या आणि गेल्या वर्षी तिथेच वारल्या. मला महिन्याने कळलं. त्यांनी मला माफ केलं होतं असं मी कुणाला सांगत नाही, कारण केलं नव्हतं.

अर्ज देण्याआधी मात्र मी तो वाचून दाखवायला त्यांच्याकडे गेले होते. त्या उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. 'सदर चित्रपट केवळ प्रौढांसाठी असूनही आम्ही अनवधानाने आमच्या आठ वर्षांच्या मुलीस आत नेले,' इथपर्यंत मी आले आणि त्यांनी हात वर केला.

"तो काय शब्द शे? अनव..."

"अनवधानाने. म्हणजे नकळत."

"नकळत?" त्या उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता. "मी दारवर सांगेल व्हतं ना तुले? काढ तो शब्द."

मी तो खोडला. त्या कागदाकडे बोट रोखून उभ्याच राहिल्या, म्हणून खोडलेल्या शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं, 'बाईंनी सांगूनही'.

"आते वाच," अक्का म्हणाल्या.